पानातली मिठाची जागा

आमच्या घरी पानात मीठ वाढत नाहीत. पाहुणा असो, जावई असो, नवरात्रातली सवाष्ण असो, कोणाच्याच नाही. भाजी-आमटीत असतं तेवढंच, आणि तेही बेताचं. वरून हवं असेल तर मिळणार नाही. याला कोणी तऱ्हेवाईकपणा म्हणतं, कोणी हट्ट म्हणतं. हट्टच आहे. साठ वर्षांहून जास्त काळ मी तो चालवला आहे आणि हात चालतात तोवर चालवणार आहे.

गेल्या वर्षी माझीही मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. मुलगा मला इथल्याच, ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. रिपोर्ट बघून त्याने खुर्ची पुढे ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाला, "माताजी, अब नमक कम करना पड़ेगा." म्हाताऱ्या माणसांशी या विषयावर भांडण होतं हे त्याला ठाऊक असणार. मी म्हटलं, "बेटा, और कितना कम करूँ?" मुलगा खिडकीबाहेर बघून हसला. डॉक्टरला काही कळलं नाही.

हरिशंकरपुरमात आमच्या गल्लीत बातमी पोचायला एक दिवस पुरतो. दुसऱ्याच दिवशी शेजारची बाई गुलाबी मिठाचं पाकीट घेऊन आली. "आंटीजी, सादा नमक एकदम बंद. ये लीजिए. इसमें कुछ नहीं होता, ये तो व्रतवाला है." मी ते पाकीट तिच्या हातात परत ठेवलं. जरा जोरातच ठेवलं असावं, कारण ती गेल्यावर सून म्हणाली, "आई, बिचारीने चांगल्या मनाने आणलं होतं."

"चांगल्या मनानेच आणतात," मी म्हटलं. "आत्यानेसुद्धा चांगल्या मनानेच घातलं होतं."

सुनेला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सगळी सलग मी तिलाही सांगितलेली नाही. आता सांगून टाकते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली आणि माझी आई गेल्यावर घर तिनेच उचललं. वडिलांना मी दादा म्हणत असे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका गल्लीत माडीवरच्या तीन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. दादा दरबारच्या दफ्तरात मोडी कागद वाचायचे. जुन्या सनदा, निवाडे, कोणाच्या वाटणीचं शेत कुठून कुठवर, असले कागद. त्यांचे वडीलही तेच करायचे. संस्थान विलीन होऊन मध्य भारत प्रांत झाला तेव्हा मी शाळेत होते. दारावरची पाटी बदलली, आत खुर्ची तीच राहिली. नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरला जायचं आणि थंडीत ग्वाल्हेरला यायचं. दादा फायलींच्या पेट्या बांधून त्याच्याबरोबर जायचे आणि परत यायचे. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. इंदुरात चार घरी जेवायला बोलावणारी माणसं होती, आणि परत यायचंच आहे हे ठरलेलं होतं.

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारतच जाणार, मोठा नवा प्रांत होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. त्या वर्षी आमच्या गल्लीत दुसरं बोलणंच नव्हतं. कोणाचं नाव भोपाळच्या यादीत आहे, कोणाचं नाही, कोण कोणाला भेटून आला. दादांचं नाव यादीत होतं. त्यांनी इथेच कुठल्याही खात्यात ठेवा म्हणून अर्ज केला. मग दुसरा केला, तिसरा केला. एकालाही उत्तर आलं नाही.

याच सुमारास त्यांचे पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या, संध्याकाळी पावलं टरारलेली. बूट काढले की मोज्याची कड पोटरीत खोल रुतलेली दिसे. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. मी त्यांना जवळच्या कंपू भागातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हिंदी बोलणारे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी काचेच्या नळीत दादांची लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता ती नासलेल्या दुधासारखी झाली. दादांना त्यांनी बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "गुर्दे कमज़ोर हो चुके हैं. दवा मेरे पास ख़ास नहीं है. परहेज़ ही इलाज है. नमक बंद कर दो. नहीं किया तो साल-दो साल समझो."

मी सतरा-अठराची होते. बाहेर येऊन दादांना एवढंच म्हटलं की मीठ बंद करायचं आहे. ते म्हणाले, "बस? मला वाटलं, काही कापून काढतात का काय."

घरी आल्यावर आत्याने क्षणभरही वेळ घालवला नाही. मिठाची बरणी फडक्यात बांधून तिने वरच्या फळीवर ठेवली. भावासाठी ती काहीही सोडायला तयार होती. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांच्या स्वयंपाकात सैंधव घालायला सुरुवात केली. उपासाचं मीठ. ते खडे मी खलबत्त्यात कुटून दिले. हे मी लपवणार नाही. आमच्यात एकादशीला माणूस साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन सांगतो की आज मीठ नाही खाल्लं, आणि त्यात कोणाला खोटं वाटत नाही. मीठ वेगळं आणि सैंधव वेगळं, हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत होते. मी इंटर सायन्सला होते. सोडियम क्लोराइड वहीत कितीदा लिहिलं असेल. पण ते वहीत होतं, आणि स्वयंपाकघरात सैंधव होतं.

महिना झाला. सूज उतरण्याऐवजी गुडघ्यापर्यंत चढली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय काय असतं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की घरात मीठ शिजतच नाही, सगळं सेंध्यात करतो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सेंधा क्या है, बेटी? शक्कर है?"

परतताना मी दादांच्या दोन पावलं मागे चालत होते, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. आत्याला सांगितलं तेव्हा तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर मीच त्याला...?" आणि पदर तोंडाला लावला. मी तिला म्हटलं, तू एकटी नाही, कुटणारी मी होते. त्या दिवसापासून दादांचं वरण, भाजी, पोळीची कणीक, सगळं खरोखरीचं अळणी व्हायला लागलं. लिंबू, भाजलेलं जिरं, मिरं, कोथिंबीर, आलं, जे जे सुचेल ते आम्ही घालून बघितलं. पापड-लोणचं तर घरातूनच गेलं.

एक गोष्ट मात्र आत्या सोडायला तयार नव्हती. पान वाढायला घेतलं की वर मधोमध मीठ पहिलं वाढायचं, मग बाकीचं. आमच्या घरी फक्त दोन पानं मिठावाचून वाढली जात. एक देवाच्या नैवेद्याचं आणि दुसरं श्राद्धाचं. जिवंत माणसाच्या पानात चिमूटभर मीठ हवंच. दादांच्या पानातही ती ते वाढत राहिली, पांढरं नाही तर सैंधव. "त्याने खायचं नाही. नुसतं असू दे."

"खायचं नाही तर वाढतेस कशाला?"

"तो देव नाहीये," ती म्हणाली, "आणि..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही त्या वेळी ते सोडून दिलं.

पंधरा दिवस गेले, सूज हलेना. मग मी पानाकडे लक्ष ठेवायला लागले. दादा जेवायला बसले की पहिल्या भाताच्या वेळी ते मीठ असायचं. दुसरा भात येईपर्यंत जागा पुसल्यासारखी स्वच्छ. बोट आमटीत बुडवायचं, मिठावर टेकवायचं आणि बोलता बोलता तोंडात घालायचं, हे ते इतक्या सहज करत की समोर बसलेल्या आत्यालाही दिसलं नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना अळणी जात नसेल. दुसऱ्या दिवशी धुवायला काढलेल्या त्यांच्या कोटाच्या खिशात सैंधवाची पुडी मिळाली. नीट, दफ्तरी घडी घातलेल्या कागदाची.

रविवारची दुपार होती. दादा गच्चीवर उन्हात पाय पसरून बसले होते. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पुडीकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बैस," ते म्हणाले. "भोपाळवाल्यांची डॉक्टरी तपासणी होऊन राहिली आहे पुढच्या महिन्यात. ज्यांनी बीमारीचं लिहून दिलं आहे त्यांची. मी दिलं आहे लिहून. अनफिट म्हटलं की नाव कटलं. मग इथेच बसवतील कुठे, नाही तर घरी बसवतील. पण भोपाळ नाही."

"आणि सूज?"

"सूजच तर दाखवायची आहे नं. तीन अर्ज केले, कोणी वाचून नाही पाहिले. पाय तरी बघतील."

हा माणूस रोज थोडं थोडं मीठ खाऊन स्वतःचे पाय सुजवत ठेवत होता, आणि आम्ही दोघी बायका त्याच्यासाठी जिरं भाजत होतो. मी म्हटलं, "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हांला सांगितलं नाही. साल-दोन साल म्हणाले."

"डॉक्टर बोलत राहतात. पाणी आहे फक्त. तपासणी झाली की उतरवून टाकू, तेव्हा तू म्हणशील ते खाईन."

"भोपाळला एवढं काय आहे?"

"तिथे काही नाहीये, हेच तर आहे," ते म्हणाले. "मोडी कागद इथे राहणार. मी तिथे काय वाचू? इथे कोणाचं जुनं भांडण निघालं की मला शोधत येतात. तिथे मी चपराश्याच्या बाजूच्या टेबलावरचा एक बाबू."

हे मला कळलं. आजही कळतं. आणि तरीही मला त्यांचा फार राग आला. ज्यांनी यादी केली त्यांचा आला, तो वेगळा. त्यांना दादा दिसत नव्हते. पण दादांना मी दिसत होते. आई गेलेली मुलगी समोर उभी आहे आणि बाप सूज राखून बसला आहे, कोणासाठी, तर न वाचलेल्या अर्जासाठी. मी पुडी उचलली आणि खाली आले. आत्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जेवायला तीन पाट मांडले. आत्याने तिन्ही पानांत मीठ वाढलं आणि ती लिंबू चिरायला वळली. मी दादांच्या पानातली चिमूट उचलून मोरीत टाकली. तिने बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"हे काय करून राहिली आहेस? एकट्याच्याच पानात नाही? श्राद्ध मांडतेस का जित्या बापाचं?"

मग मी तिच्या पानातलं मीठ उचललं आणि माझ्या पानातलंही. तिन्ही जागा ओल्या फडक्याने पुसल्या. "आता सगळी सारखी," मी म्हटलं. "आता कोण जिवंत आणि कोण मेलेलं, ते जेवण बघून ठरवा." अशी बोलले मी. अठराव्या वर्षी, वडीलधाऱ्यांसमोर. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात, पण वाक्य मागे घेणार नाही.

दादा शांतपणे उठले. खुंटीवरच्या दुसऱ्या कोटाच्या खिशातून त्यांनी आणखी एक पुडी काढली. बसले, पुडी उघडली, चिमूटभर सैंधव पानात रिकाम्या जागी ठेवलं आणि खाल्लं. माझ्याकडे बघतच खाल्लं. मी पुढे होऊन त्याच पुडीतून तेवढीच चिमूट घेतली आणि खाल्ली. त्यांनी दुसरी घेतली. मीही दुसरी घेतली. आत्या एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिसऱ्या वेळी ते थांबले, पण मी थांबले नाही. मी पुडीच उचलली आणि तोंडात रिकामी केली. मग उठून मोरीपर्यंत कशीबशी पोचले. सकाळचा चहासुद्धा बाहेर पडला. घसा दोन दिवस जळत होता.

तोंड धुऊन वर बघितलं तर दादा मागे उभे. हातात पाण्याचा तांब्या. म्हणाले, "आईवर गेली आहेस." मग कोटांचे सगळे खिसे उलटे करून दाखवले. "नाहीये आता. झाडून टाकलं." आत्याला सगळं त्यांनीच सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही. पण संध्याकाळी तीच पानं वाढायला बसली आणि तिने एकाही पानात मीठ वाढलं नाही. मधली जागा तशीच मोकळी. आमच्या घरचा नियम त्या संध्याकाळपासूनचा.

पुढचे तीन-चार आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सूज उतरली. आधी डोळ्यांखालची, मग गुडघ्याची, मग घोट्याची. दादांचा चामड्याचा बूट पुन्हा पायात गेला आणि ते बाड्याच्या चौकापर्यंत फिरून यायला लागले. मी रोज संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून बघायची आणि खड्डा पडत नाही म्हणून आत्याला हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, "शाबाश." त्यांच्याकडून मिळालेला तो एकच शब्द. भोपाळची तपासणी माझ्या डोक्यातून पार गेली होती असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. मला आठवत होतं. मला वाटलं होतं की तपासणारे डॉक्टर आहेत, त्यांना नळी आणि दिवा माहीत असणार, आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आहे, पाय बारीक असले म्हणून काय झालं.

तपासणी करणाऱ्याने चिठ्ठी बाजूला ठेवली. दादांना पायजमा वर करायला सांगून अंगठा दाबला. "कहाँ है सूजन?" आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दादा दुपारी घरी आले. दारातच उभं राहून म्हणाले, "पास झालो." आणि हसायला लागले. कितीतरी दिवसांनी ते असे हसत होते. "शाळेत कधी पहिल्या फटक्यात पास नव्हतो झालो." आत्या हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, पण ती नुसतीच बघत राहिली.

भोपाळला क्वार्टर मिळायचे होते. तोवर एका खोलीत तिघं-तिघं आणि जेवण खानावळीत. मी बरोबर येते म्हटलं. दादा म्हणाले, "परीक्षा दे आधी. क्वार्टर मिळालं की दोघी या." मी ऐकलं. त्यांच्या पेटीत मी जिऱ्याची पूड, आमचूर, मिरपूड, सगळं बिनमिठाचं, बाटल्यांत भरून दिलं. खानावळवाल्यासाठी हिंदीत कागद लिहिला की इनकी दाल और सब्ज़ी नमक डालने से पहले निकालना. स्टेशनवर दफ्तराचे कितीतरी लोक होते, पेट्या, वळकट्या, रडणाऱ्या बायका. दादा खिडकीतून म्हणाले, "पाय कोण दाबून बघेल आता?" मी म्हटलं, तुमचं तुम्हीच बघा, आणि मला लिहा.

ते लिहायचे. दर आठवड्याला पोस्टकार्ड. खानावळवाला भला माणूस आहे, माझं वेगळं काढतो. प्रकृती उत्तम. अभ्यास कर. क्वार्टरबद्दल सांगतो म्हणतात. मी ती कार्डं आत्याला वाचून दाखवायची आणि ती दर वेळी विचारायची, "पायांचं लिहिलं आहे का?" मी म्हणायची, उत्तम म्हणजे त्यात पाय आले. मी त्या कार्डांवर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

होळीच्या आधी ते रजा घेऊन आले. टांग्यातून उतरवायला दोन माणसं लागली. पाय मांड्यांपर्यंत सुजले होते, धोतर दुटांगी नेसता येत नव्हतं, चेहरा ओळखू येत नव्हता. पाटावर बसता येईना म्हणून आत्याने खाट ओढली. त्यांनी स्वतःच धोतर वर केलं आणि म्हणाले, "बघ. आता सांग त्यांना तपासायला." त्यांच्याबरोबर आलेल्या दफ्तरातल्या माणसाने जिन्यात मला सांगितलं, "दाल का एक ही भगोना होता है, बिटिया, चालीस आदमियों का. शुरू में बोला था इन्होंने. रसोइये ने दो-चार दिन निकाली, फिर कौन निकालता है. ये भी चुप हो गए." माझा कागद दादांच्या पाकिटात तसाच घडी घातलेला मिळाला.

आम्ही पुन्हा सगळं केलं. अळणी, जिरं, लिंबू. या वेळी सूज उतरली नाही. डॉक्टर घरी येऊन गेले आणि या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं नाही, कारण सांगायचं काही नव्हतं. माझे पेपर चालू होते. शेवटचा पेपर देऊन मी आले तेव्हा दादा शुद्धीवर होते. कसा गेला, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी सांगितलं, चांगला गेला. त्यानंतर तीन दिवसांनी ते गेले.

समाचाराला आलेले नातेवाईक म्हणायचे, दरबारचं मीठ खाल्लेला माणूस, परक्या गावी कसा रुजणार. फार छान वाटायचं त्यांना ते वाक्य. एकाला मी म्हटलं, "दरबारचं नव्हे, काका, खानावळीचं. तुम्ही चहा घ्या." तेव्हापासून आमच्या नात्यात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे.

आत्या मात्र तेराव्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, एकदाच बोलली. "सूज असती तर इथेच राहिला असता गं." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढे मनातल्या मनात हजारदा दिलं, आणि ते असं आहे. सूज असती तर दादा इथे राहिले असते आणि इथेच गेले असते. आमच्या पाटावर, आमच्या पानातून, मी कुटून दिलेल्या मिठाने. ते मी होऊ दिलं नसतं. आज पुन्हा ती वेळ आली तरी तेच करीन, मोरीपर्यंत जाऊन ओकीन. लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का? मिठाचा नाही. परीक्षेचा होतो. मी ती परीक्षा द्यायला नको होती. पेटीबरोबर गाडीत चढायला हवं होतं, एका खोलीत तीन माणसं तर तीन माणसं, दारात स्टोव्ह मांडून त्यांची डाळ मी वेगळी शिजवली असती. अठरा वर्षांच्या मुलीला तसं कोणी राहू दिलं असतं का, असं सून म्हणते. नसतं दिलं. पण मी विचारलं एकदाच. मीठ सोडवायला जेवढी भांडले त्याच्या निम्मीही मी तिथे भांडले नाही, आणि ते मला जन्मभर टोचतं.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी बरोबर होते असं ती कधी म्हणाली नाही. पण माझ्या लग्नानंतर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा नव्या घरातल्या स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंनी पानात मीठ वाढायला घेतलं, आणि आत्याने तिथल्या तिथे त्यांचा हात थांबवला. "आमच्या मुलीच्या घरी नाही वाढत," ती म्हणाली. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घर त्यांचं होतं.

मला भाऊ नाही. नवरात्राच्या पहिल्या दिवशी आजेपाडवा असतो. त्या दिवशी मुलीचा मुलगा आजोबांचं श्राद्ध करतो, आणि माझा मुलगा ते दर वर्षी करतो. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही. भटजी लष्करातून स्कूटरवर येतात. पान मी वाढते, गुडघे दुखत असले तरी मीच. आणि सगळं वाढून झालं की वर मधोमध, रिकाम्या जागी, मीठ वाढते.

यंदा भटजी नवे होते, तरुण. त्यांनी मंत्र थांबवला. "आजी, श्राद्धाच्या पानात मीठ नाही वाढत. गलती से आलं असेल, काढून घ्या."

"चुकून नाही आलं," मी म्हटलं.

"शास्त्रात नाहीये."

"माहीत आहे. पुढे चला."

त्यांनी माझ्या मुलाकडे बघितलं. मुलाने मान हलवली, म्हणजे ऐका तिचं. भटजी पुढे चालू लागले. माझ्या हातात वाटी अजून होती. मी आणखी एक चिमूट घेतली, पहिलीवर ठेवली आणि बोटाने नीट रास केली. आता खा, दादा, पोटभर खा. आता तुमच्या नडगीवर अंगठा ठेवून कोणी तुम्हांला कुठे पाठवू शकत नाही.